टूथब्रशची जन्मकथा

दांडी आहे पण छत्री नाही,
केस आहेत पण वेणी नाही,
स्वतः भिजतो, दुसऱ्याला धुतो,
ओळखा पाहू मी कोण?

बरोबर! टूथब्रश. मित्रमैत्रिणींनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, ही वस्तू आपण रोज सकाळी तोंडात घालतो. पण ती कशाची असते, कोणी शोधली, कारखान्यात कशी तयार होते आणि तिचा आकार असाच का, याचा विचार आपण करत नाही. विज्ञानाच्या तासाला ‘दात व त्यांची निगा’ शिकताना मला हे प्रश्न पडले. काही उत्तरे गुरुजींनी सांगितली, काही पुस्तकांत मिळाली, काही मामांच्या कारखान्यात पाहिली, आणि काही आम्ही एक जुना ब्रश उलगडून शोधली. ती सर्व येथे लिहीत आहे.

१) ब्रशच्या आधी काय होते?

आपल्या भागात पूर्वी दातवण वापरत. बाभळीची किंवा कडुलिंबाची करंगळीएवढी जाड कोवळी काडी घ्यायची, तिचे टोक दाढेखाली चावायचे. चावून चावून टोकाचे धागे सुटतात आणि छोटा कुंचा तयार होतो. घायपाताचे टोक ठेचून आपण भिंत रंगवायचा कुंचा करतो ना, अगदी तसाच. म्हणजे दातवण हासुद्धा एक ब्रशच आहे. फक्त तो रोज नवा करायचा आणि रोज टाकून द्यायचा. त्यात अडचण एकच. काडी सरळ असते आणि कुंचा तिच्या टोकाला असतो. त्यामुळे पुढचे दात नीट घासले जातात, पण मागच्या दाढांची आतली बाजू तशीच राहते.

दुसरी वस्तू म्हणजे राखुंडी. शेणी जाळून राख करायची, मीठ घालायचे आणि बोटाने घासायचे. पुढे बाजारात दंतमंजनाच्या पुड्या आणि डबे आले. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको कंपनी सुरू केली. तिची ‘वज्रदंती’ पावडर खेड्यापाड्यांत पोहोचली. पण पावडर कोणतीही असो, लावायला बोटच. बोट दाताच्या सपाट भागावरून फिरते. दोन दातांच्या मधल्या फटीत ते शिरत नाही, कारण फट बारीक आणि बोट जाड.

केसांचा ब्रश पहिल्यांदा चीनमध्ये झाला. पंधराव्या शतकात तिथले लोक हाडाच्या किंवा बांबूच्या दांडीला रानडुकराचे राठ केस बसवत. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस यांनी सुमारे १७८० साली असे ब्रश विकायला करण्याचा धंदा सुरू केला. जनावराच्या हाडाला भोके पाडायची, त्यांत केसांचे झुबके घालायचे आणि तारेने बांधायचे. हे ब्रश महाग असत. शिवाय जनावराचा केस लवकर वाळत नाही. ओल राहिली की त्यात जंतू वाढतात, आणि केस गळूनही पडतात.

मग नायलॉन आले. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या शास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले. नायलॉन म्हटले की आपल्याला दोरी नाहीतर साडी आठवते. पण नायलॉनची बाजारात आलेली पहिली वस्तू म्हणजे टूथब्रश! ते साल १९३८. तेव्हापासून डुकराच्या केसांची गरज संपली.

२) ब्रशचा आकार असाच का?

ब्रशचे चार भाग आहेत. दांडी, मान, डोके आणि केस. प्रत्येक भागाचे माप आपल्या तोंडाने ठरवून दिलेले आहे.

डोके : मोठ्या माणसाच्या ब्रशचे डोके साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर लांब असते, लहान मुलांच्या ब्रशचे त्याहून लहान. सर्वात मागच्या दाढेच्या पलीकडे गाल असतो. तिथे मोठे डोके वळत नाही. दुकानात मोठे डोके पाहून ‘हा जास्त घासेल’ असे वाटते, पण जो मागे पोचतच नाही तो घासणार काय?

मान : ही डोक्यापेक्षा अरुंद असते. गालाला न अडकता ब्रश आत जावा म्हणून. काही ब्रशांची मान थोडी लवते. आपण जास्त जोर दिला तर तो मानेत जिरावा, हिरडीवर पडू नये, हा हेतू.

दांडी : हात ओला, त्यात पेस्टचा फेस. म्हणून दांडी निसटू नये अशी जाड असते आणि अंगठा टेकायला जागा असते. बऱ्याच दांड्यांवर रबरासारखे मऊ पट्टे असतात, ते पकडीसाठीच.

केस : खरी करामत इथे आहे. केस किती जाड, किती लांब आणि टोकाला कसे, यावर सगळे अवलंबून. मऊ ब्रशचा केस साधारण ०.१५ ते ०.२ मिलीमीटर जाड असतो. कडक ब्रशचा पाव मिलीमीटर किंवा जास्त. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे मलाही वाटले. तेव्हा गुरुजींनी फळ्यावर गणित मांडले. केस दुप्पट जाड केला तर तो दुप्पट ताठ होत नाही, सोळापट ताठ होतो (२ × २ × २ × २ = १६). आणि तेवढ्याच जाडीचा केस कापून निम्मा केला तर आठपट ताठ होतो (२ × २ × २ = ८). आपल्या घरची केरसुणी पाहा. नवी लांब असते तेव्हा मऊ झाडते. झिजून बोडकी झाली की तीच अंगण खरवडते.

आता कोणी म्हणेल, कडक ब्रशाने दात जास्त स्वच्छ होतील की! तसे नाही. दातांवर रोज जो थर बसतो तो जंतूंचा असतो, आणि तो ओला व चिकट असतो. ताटातले पिठले ओले असताना बोटाने निघते, वाळले की खरवडावे लागते. दातांचेही तसेच. ताजा थर मऊ केसांनीसुद्धा निघतो. पण तो काही दिवस राहिला की टणक होऊन त्याचे कीटण बनते. मग ते कडक ब्रशानेही निघत नाही, दातांच्या डॉक्टरांकडेच जावे लागते. कडक ब्रशाने मात्र हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मग गार पाणी प्यायले की झिणझिण्या येतात. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बास यांनी चांगला ब्रश कसा असावा याची मापे १९४८ साली मांडली. त्यांनी केसाची जाडी एका इंचाचा हजारावा भाग घेऊन त्याच्या सातपट, म्हणजे सुमारे ०.१८ मिलीमीटर सांगितली, आणि केसाचे टोक गोल हवे असेही सांगितले.

३) कारखान्यात ब्रश कसा होतो?

दिवाळीच्या सुट्टीत मी कराडहून सांगलीला मामांकडे गेलो होतो. मामा कुपवाडच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला आहेत. तिथे ब्रश होत नाहीत, बादल्या आणि डब्यांची टोपणे होतात. पण मामा म्हणाले, "अरे, बादली काय आणि ब्रशची दांडी काय, ओतायची रीत एकच. साचा बदलला की वस्तू बदलली." ती रीत अशी :

दांडी ओतणे : प्लॅस्टिक कारखान्यात साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात पोत्यांतून येते. ब्रशच्या दांडीला बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक वापरतात. ते पाणी पीत नाही आणि वाकवले तर चटकन मोडत नाही. दाण्यांत थोडे रंगाचे दाणे मिसळतात. मग ते यंत्राच्या तापलेल्या नळीत जातात. नळीत पिठाच्या गिरणीच्या मळसूत्रासारखा स्क्रू फिरत असतो. तिथली उष्णता दोनशे अंशांच्या वर असते. पाणी शंभर अंशांला उकळते, म्हणजे त्याच्या दुप्पट तापमान! दाणे वितळून काकवीसारखे घट्ट पातळ होतात. मग स्क्रू ते जोराने पोलादी साच्यात ढकलतो. साच्याभोवती गार पाणी खेळवलेले असते. थोड्याच वेळात प्लॅस्टिक घट्ट होते, साचा उघडतो आणि दांड्या बाहेर पडतात. साच्यात बारीक सुया उभ्या असतात. त्यामुळे डोक्यावरची भोके ओततानाच तयार होतात, नंतर पाडावी लागत नाहीत.

केस तयार करणे : हे काम वेगळ्या कारखान्यात होते. नायलॉन वितळवून बारीक भोकांच्या चकतीतून दाबतात. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसे. बाहेर आलेले धागे पाण्यात थंड करतात आणि मग ताणून कित्येक पट लांब करतात. ताणल्यामुळे नायलॉनचे कण एका रांगेत येतात आणि धागा चिवट होतो. असा धागा वाकला तरी पुन्हा सरळ उभा राहतो. मग धाग्यांच्या जुड्या बांधून त्या ब्रशच्या कारखान्याला पाठवतात.

झुबके बसवणे : हे यंत्र सर्वात चलाख. ते जुडीतून मोजके केस उचलते आणि मधोमध दुमडते. दुमडीवर धातूच्या चपट्या तारेचा इवलासा तुकडा ठेवते आणि जोराने भोकात ठोकते. हा तुकडा भोकाच्या रुंदीपेक्षा थोडा मोठा असतो. म्हणून तो दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकमध्ये रुततो आणि झुबका पक्का बसतो. डिंक नाही, गाठ नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात, तीच युक्ती. अशी यंत्रे एका मिनिटात शेकडो झुबके बसवतात.

कापणे आणि टोके गोल करणे : बसवलेले केस वरखाली असतात. धारदार पात्यांनी ते सारखे कापतात. पण कापलेले टोक तीक्ष्ण राहते. ऊस तोडल्यावर शेतात अनवाणी गेलो तर बुडखे पायाला कसे टोचतात, ते आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. हिरडीला तसेच होऊ नये म्हणून फिरणाऱ्या घासचाकांवर केसांची टोके घासून गोल करतात. ही पायरी डोळ्यांना दिसत नाही, पण चांगला ब्रश आणि वाईट ब्रश यांतला खरा फरक हाच.

शेवटी तपासणी होते, दांडीवर नाव छापतात आणि ब्रश पाकिटात बंद होतो.

४) आम्ही एक ब्रश उलगडला

गुरुजींच्या परवानगीने आम्ही एक जुना, धुतलेला ब्रश घेतला. भोके मोजली, ती ३८ भरली. पक्कडीने एक झुबका ओढला. बराच जोर लावावा लागला. झुबक्याबरोबर पिवळ्या धातूचा तांदळाच्या कणीपेक्षा लहान तुकडा निघाला. केस मधोमध दुमडलेले होते, म्हणजे एका केसाची दोन टोके. आम्ही केस मोजले, ते २३ होते.

आता गणित करू.
एका झुबक्यातील टोके : २३ × २ = ४६
सर्व झुबक्यांतील टोके : ४६ × ३८ = १७४८

दुमडलेला एक केस सरळ करून पट्टीवर मापला तर ३ सेंटिमीटर भरला.
एकूण केस : २३ × ३८ = ८७४
एकूण लांबी : ८७४ × ३ = २६२२ सेंटिमीटर, म्हणजे २६ मीटरहून जास्त!

इतका धागा एका ब्रशात असतो. हे केस एकाला एक जोडले तर आपल्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येतील.

जाडी कशी मोजली? दहा केस शेजारी शेजारी चिकटवले आणि पट्टी लावली. दहांची रुंदी २ मिलीमीटर आली. म्हणून एकाची ०.२ मिलीमीटर.

आणखी एक गोष्ट भिंगातून दिसली. जुन्या ब्रशाचे केस बाहेरच्या बाजूला फाकलेले होते. ब्रश आपले काम टोकाने करतो. केस फाकला की टोक दातावर टेकत नाही, केसाची कूस टेकते. मग कितीही घासा, फटीत काही शिरत नाही. म्हणून साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा, आणि केस त्याआधी फाकले तर लगेच बदलायचा. सहा महिन्यांचा फाकलेला ब्रश म्हणजे नुसती दांडीच.

५) राखुंडी, मिसरी आणि ब्रश

हा भाग पालकांनी जरूर वाचावा.

राखुंडीत आणि कोळशाच्या भुकटीत खरखरीत कण असतात. त्यांनी दात पांढरे दिसतात हे खरे, पण दाताचे वरचे कवच झिजते. हे कवच आपल्या शरीरातील सर्वात कठीण वस्तू आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. दाताचे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही.

मिसरीची गोष्ट त्याहून गंभीर आहे. तंबाखू तव्यावर भाजून तिची पूड करतात तीच मिसरी. सातारा आणि सांगली भागात कितीतरी घरांत आई, आजी, काकी ती लावतात. माझी आजी म्हणते, "मिसरी लावल्याबिगर माझं डोस्कं चालत न्हाय बग. आन् पोटबी साफ हुईत न्हाय." मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "ते दात घासणं नव्हे, ती तंबाखूची सवय आहे. तंबाखूतलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. ते मिळालं नाही की डोकं जड वाटतं. म्हणून माणूस दिवसातून चार वेळा दात घासायला बसतो." खरेच आहे. ब्रश करायला कोणी दुपारी पायरीवर अर्धा तास बसत नाही!

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना माहीत आहे. पण पोटातल्या बाळालाही त्रास होतो हे मला नव्याने कळले. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका बहुतेक मिसरीच लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी सुमारे १०० ग्रॅम वजनाने कमी भरली. आपल्या सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण मिसरी घरच्या तव्यावर भाजली जाते. तिथे कायदा पोचत नाही. तिथे आपण मुलांनीच पोचायला हवे.

आजीला मी एकदम ‘सोड’ म्हणालो नाही. तिला एक मऊ ब्रश आणून दिला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ह्यो काय कुंचा माझ्या तोंडात घालतूस!" आता रात्री ती ब्रश करते. मिसरी अजून पूर्ण सुटली नाही, पण दुपारची बंद झाली आहे. सवय सोडवायला सरकारी दवाखान्यात मदत मिळते. तोंडात पांढरा चट्टा पडला, बरी न होणारी जखम झाली किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले तर घरी बसू नये. कराडजवळ मलकापूरला कृष्णा संस्थेचे आणि सांगलीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. तिथे दाखवता येते.

आणखी एक समजूत आहे की ऊस खाल्ला की दात आपोआप घासले जातात. उसाच्या चोयट्या दातावर घासतात खऱ्या, पण रसातली साखर फटीत राहते. जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्लाने दात किडतो. म्हणून ऊस, काकवी, गूळ खाल्ल्यावर चूळ भरावी आणि रात्री ब्रश करूनच झोपावे.

६) ब्रश कसा वापरावा?

(१) ‘सॉफ्ट’ म्हणजे मऊ लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. महागच पाहिजे असे नाही. वीस-तीस रुपयांच्या साध्या ब्रशातही काम होते.
(२) पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत दाखवतात तेवढी लांब पट्टी नको.
(३) ब्रश आडवा करवतीसारखा ओढू नये. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे केस तिरपे टेकवावे आणि हलकेच छोटे गोल फिरवावे.
(४) सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटे. रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते.
(५) ब्रश धुऊन, झटकून, उभा ठेवावा. ओला ब्रश डबीत कोंडू नये.
(६) प्रत्येकाचा ब्रश वेगळा. भावाचा ब्रश बहिणीने वापरू नये. हिरडीतून रक्त येत असेल तर एकाचे जंतू दुसऱ्याला जातात. ओळखायला दांडीला रंगीत दोरा बांधावा.
(७) जुना ब्रश पाण्याच्या बंबात जाळू नये, प्लॅस्टिकचा धूर वाईट. त्याने सायकलची साखळी, शिलाई मशीन, कंगवा साफ करावा.

आमच्या वर्गात गुरुजींनी विचारले होते, "घरात प्रत्येकाचा वेगळा ब्रश आहे असे किती जण?" तेव्हा सगळे हात वर झाले नव्हते. पालकांनो, बाजाराच्या दिवशी पिशवीत माणशी एक मऊ ब्रश पडला तर पुढच्या वेळी सगळे हात वर होतील.

सोडवा पाहू :
(१) तुमच्या ब्रशला भोके किती? एका झुबक्यात ४० टोके धरली तर एकूण टोके किती?
(२) एक यंत्र मिनिटाला ६०० झुबके बसवते. एका ब्रशात ४० झुबके असतील, तर मिनिटात किती ब्रश होतील?
(३) दर तीन महिन्यांनी ब्रश बदलला तर पाच माणसांच्या घराला वर्षाला किती ब्रश लागतील?
(४) केस तिप्पट जाड केला तर तो किती पट ताठ होईल?

उत्तरे पुढील अंकात.

— इयत्ता सातवी, विज्ञान मंडळ